बालवाद्यवृंद आणि मुलांच्या मनाची घडण

संगीताचे शिक्षण म्हणजे गळा किंवा हात तयार करणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मुलाला उपजत देणगी असेल तर त्याने शिकावे, नसेल तर ऐकावे, एवढ्यावर हा विषय पुष्कळदा संपतो. परंतु अनेक मुलांनी एकत्र बसून एकच रचना वाजविणे ही गोष्ट निराळी आहे. तीत हाताबरोबर मुलाच्या वागणुकीलाही वळण लागते. ते कसे लागते व त्याच्या मर्यादा कोणत्या, हे पाहण्यास दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशाचा अनुभव उद्‌बोधक आहे.

प्रयोगाचा आरंभ

१९७५ साली होसे आंतोनिओ आब्रेऊ या संगीतज्ञ व अर्थशास्त्रज्ञ गृहस्थांनी काराकास शहरात, मोटारी ठेवण्याच्या एका जागेत, पहिली तालीम घेतली. तयारी शंभर मुलांची होती. आली अवघी ११. तरीही काम थांबले नाही. ‘एल सिस्तेमा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कार्याची केंद्रे पुढे देशभर निघाली. २०१८ साली आब्रेऊ निवर्तले. याच परंपरेत वाढलेला गुस्ताव्हो दुदामेल २००९ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या विख्यात वाद्यवृंदाचा संगीत दिग्दर्शक झाला. परंतु असे नामवंत थोडेच निपजणार. खरा विचार करावयाचा तो उरलेल्या असंख्य मुलांचा.

कार्यपद्धती

या केंद्रांत मूल आरंभापासूनच समूहात शिकते. शाळा सुटल्यावर आठवड्यातील बहुतेक दिवस तालीम असते. पुष्कळ केंद्रांत अगदी लहान मुलांच्या हाती प्रथम कागद व पुठ्ठा यांचे व्हायोलिन दिले जाते. त्यातून सूर निघत नाही. पण वाद्य कसे धरावे, कसे बसावे आणि हाती आलेली वस्तू कशी जपावी, हे मूल शिकते. थोडे पुढे गेलेले मूल मागच्यास शिकविते. त्यामुळे स्वतःचे ज्ञानही पक्के होते.

वाद्यवृंदाची रचनाच शिस्त शिकविणारी आहे. ट्रम्पेट वाजविणाऱ्या मुलास कित्येक मात्रा स्वस्थ बसून मनात मोजणी करावी लागते आणि नेमक्या क्षणी वाद्य उचलावे लागते. एकाने घाई केली तर सर्वांचा ताल बिघडतो. एकाने मोठ्याने वाजविले तर शेजाऱ्याचा सूर झाकला जातो. ही चूक शिक्षकाने दाखविण्यापूर्वीच मुलाच्या कानाला कळते. थांबणे, ऐकणे आणि आपली पाळी ओळखणे हे गुण येथे उपदेशाने नव्हे, तर कृतीने अंगी बाणतात.

परीक्षणात काय आढळले

२०१२-१३ मध्ये तेथील १६ केंद्रांत ६ ते १४ वर्षे वयाच्या सुमारे २,९०० मुलांचे परीक्षण झाले. चिठ्ठ्या टाकावयाच्या पद्धतीने काहींना त्याच वर्षी, तर काहींना पुढील वर्षी प्रवेश दिला गेला, आणि वर्षअखेर दोन्ही गटांची तुलना करण्यात आली. प्रवेश मिळालेल्या मुलांत आत्मसंयम काहीसा वाढला व वागणुकीतील अडचणी काहीशा घटल्या. ज्यांच्या मातांचे शिक्षण कमी झाले होते, अशा मुलांत हा लाभ अधिक दिसला. परंतु सर्व मुलांचा एकत्रित विचार करता बुद्धीच्या चाचण्यांत किंवा परोपकारी वृत्तीत फरक आढळला नाही. शिवाय अगदी गरीब घरांतील मुले त्या प्रमाणात केंद्रांपर्यंत पोचलीच नव्हती. ज्यांना गरज अधिक, तीच दाराबाहेर राहिली, ही बाब विसरण्याजोगी नाही.

प्राथमिक शिक्षकांस उपयोग

महाराष्ट्रातील गावच्या शाळेत व्हायोलिन नसेल. पण लेझीम, ढोलकी, टाळ व खंजिरी ही साधने दुर्लभ नाहीत. शिवाय गावातील सर्व थरांतील मुले शाळेत एकत्र असतात, हा मोठा लाभ आहे. त्या दृष्टीने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. स्नेहसंमेलनापुरती निवडक मुले न घेता वर्गातील प्रत्येक मुलास काही ना काही भाग द्यावा. ज्यास ताल धरणे जड जाते, त्यास सोपा ठेका द्यावा, वगळू नये.

२. तालीम थोडा वेळ, पण नियमित असावी.

३. वाजविण्याइतकेच थांबण्यास महत्त्व द्यावे. एक गट वाजवीत असता दुसऱ्याने मनात मात्रा मोजाव्यात.

४. वाद्ये काढणे, पुसणे व जागेवर ठेवणे हे काम मुलांकडे पाळीपाळीने सोपवावे.

यामुळे गणिताचे गुण वाढतील, असे आश्वासन पालकांस देऊ नये. मूल आपल्या पाळीसाठी थांबू लागले आणि शेजाऱ्याचा आवाज त्यास ऐकू येऊ लागला, तर हे श्रम सार्थकी लागले असे समजावे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. शाळेच्या लेझीम पथकातून कोणती मुले सहसा वगळली जातात, आणि का?

२. समूहवादनात मुलास स्वतःची चूक कशी कळते? इतर विषयांच्या अध्यापनात अशी योजना करता येईल काय?