भाषिक आप्तसंबंध आणि समाजाची ओळख : एक्पेये समाजाचे उदाहरण

उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• एक्पेये समाजाचा भौगोलिक व भाषिक परिचय करून देता येईल.
• भाषिक आप्तसंबंध आणि सामाजिक ओळख यांतील भेद स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, दोन भाषा एकाच कुळातील असल्या, म्हणजे त्यांचे भाषक एकाच समाजाचे ठरतात काय? या प्रश्नाचा विचार आपण एका दूरच्या समाजाच्या आधारे करू.

विवेचन
नायजेरियाच्या दक्षिणेस, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात, ओराशी व सोंब्रेरो या नद्यांच्या परिसरात एक्पेये लोक राहतात. रिव्हर्स राज्यातील अहोआडा पूर्व व अहोआडा पश्चिम हे स्थानिक शासनाचे विभाग त्यांच्या वस्तीचे मुख्य क्षेत्र होत. समाज आणि भाषा या दोहोंचे नाव एकच आहे. त्यांच्या सर्वोच्च पारंपरिक प्रमुखास ‘एझे एक्पेये लोग्बो’ म्हणतात.

आपले पूर्वज बेनिन राज्यातून आले, अशी या समाजाची मौखिक परंपरा आहे. (हे प्राचीन राज्य आजच्या नायजेरियातच होते, बेनिन नावाचा आजचा देश निराळा.) बेनिनची एडो भाषा मात्र वेगळ्या गटातील आहे. एक्पेये भाषेची गणना इग्बो, इक्वेरे, ओग्बा यांच्यासह ‘इग्बोइड’ गटात होते. ‘एझे’ हा राजवाचक शब्द इग्बोतही आहे. परंतु पदव्या उसन्याही घेतल्या जातात. म्हणून एका शब्दावरून नाते सिद्ध होत नाही. त्यासाठी मूलभूत शब्दसंग्रहातील नियमित ध्वनिसाम्य पाहावे लागते. उलट, भाषेचा पुरावा वेगळा आहे एवढ्यावरून परंपरा खोटी ठरत नाही. भाषेचा वंश आणि माणसांचा वंश एकच असतो, असे नाही.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहिला नाही. मे १९६७ मध्ये नायजेरियाची १२ राज्यांत पुनर्रचना होऊन रिव्हर्स राज्य निर्माण झाले. पाठोपाठ इग्बोबहुल पूर्व भागाने ‘बियाफ्रा’ या नावाने स्वातंत्र्य घोषित केले आणि जानेवारी १९७० पर्यंत यादवी युद्ध चालले. युद्धानंतर या राज्यातील इग्बोइड भाषक समाजांत ‘आम्ही इग्बो नव्हे’ ही भूमिका ठळक झाली. ‘रिव्हर्स रीडर्स’ प्रकल्पाने राज्यातील लहान भाषांत प्राथमिक वाचनपुस्तके सिद्ध केली. शाळेत आपल्या मुलाने कोणत्या भाषेत अक्षरे गिरवावीत, या प्रश्नात समाजाचे अस्तित्व गुंतलेले असते, हे येथे ध्यानात घ्यावे. ‘इग्बोइड’ ही संज्ञा याच कारणाने उपयुक्त आहे : ती नाते सांगते, दुय्यमत्व लादत नाही.

सारांश
भाषांमधील आप्तसंबंध पुराव्याने ठरतो; ओळख इतिहास, सत्ता आणि समाजाची स्वतःविषयीची जाणीव यांतून घडते. दोहोंची गल्लत करू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. भाषिक नाते सिद्ध करण्यास एक समान शब्द पुरेसा का नसतो?
२. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. मराठी-कोकणी वाद आणि एक्पेये उदाहरण यांतील साम्यभेद सांगा.