काच वाजवू नये, पण का?

प्राणिसंग्रहालयात सापाच्या काचेजवळ एक पाटी हमखास असते : ‘काच वाजवू नये.’ आणि त्या पाटीखाली उभा राहून काच वाजवणारा एखादा गृहस्थही हमखास दिसतो. त्याला वाचता येत नाही असे नाही. काय करू नये ते पाटीने सांगितले, का करू नये ते सांगितले नाही. प्राणिसंग्रहालयात शिक्षणाचे काम करणाऱ्या माणसाचे काम या ‘का’पासून सुरू होते.

तुमच्या प्रयोगशाळेतून एक नादकाटा घ्या. दोन्ही कानांत बोटे घाला. मित्राला नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून त्याचा दांडा तुमच्या हनुवटीवर टेकवायला सांगा. कान बंद असूनही आवाज स्वच्छ ऐकू येतो! कंपने जबड्याच्या हाडातून कवटीत आणि तेथून अंतःकर्णात पोचली. सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. पण अंतःकर्ण आहे, आणि त्यापासून निघालेले एक बारीक हाड जबड्याच्या सांध्याकडे गेलेले असते. म्हणून जमिनीला टेकलेला जबडा त्याला कानासारखा उपयोगी पडतो. काचेवर टकटक केली की चौकट हादरते, चौकटीबरोबर तळ हादरतो, आणि तो हादरा सापाच्या डोक्यात जातो. दिवसभरात शेकडो माणसांनी असे केले तर त्या प्राण्याचे काय होत असेल?

‘साप बहिरा असतो’ हे जुन्या पुस्तकांतले वाक्य मात्र आता खोडले पाहिजे. अजगरांच्या एका जातीवर केलेले प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाले. हवेतून आलेल्या सुमारे ८० ते १६० हर्ट्‌झच्या ध्वनीला हे साप सर्वांत चांगला प्रतिसाद देतात असे त्यांत आढळले. हा ध्वनीदेखील आधी कवटीला कंप देतो आणि मग आत पोचतो. गारुड्याच्या पुंगीपुढे नाग डोलतो तो सुरांवर नव्हे, तर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून.

आपल्या राज्यात साप हाच विषय घेऊन लोकशिक्षणाला बाहेर पडलेले नाव म्हणजे नीलिमकुमार खैरे. साप विनाकारण चावत नाही हे दाखवण्यासाठी १९८० साली पुण्यात ते ७२ विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. (हा प्रयोग कोणीही करून पाहायचा नाही, हे वेगळे सांगायला नकोच.) पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान सुरू झाले. त्याच परिसरात १९९९ साली पुणे महानगरपालिकेचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभे राहिले आणि पेशवे उद्यानातले प्राणी टप्प्याटप्प्याने तेथे आले. त्या ७२ तासांची बातमी सर्वत्र झाली. पण माझ्या मते मोठे काम त्यानंतरचे आहे. शाळाशाळांतून बोलणे, नागपंचमीच्या सुमारास ‘साप दूध पीत नाही’ हे दरवर्षी नव्याने समजावणे, घरात शिरलेला साप न मारता सोडवणे, अशा कामांची बातमी होत नाही.

आता आपल्या रिसोडकडे येऊ. वाशिम जिल्ह्यात प्राणिसंग्रहालय नाही. आपल्या मुलांना नागपूरचे महाराजबाग पाहायचे तर पहाटे निघावे लागते, आणि मुलांचा अर्धा दिवस गाडीत जातो. साप मात्र आपल्याकडे भरपूर. सोयाबीनची सुडी लागली की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. रात्रीच्या विजेवर ओलित करणारा शेतकरी अंधारात बांधावरून चालतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली होती. म्हणजे प्राणिसंग्रहालयातल्या शिक्षणाची खरी गरज जेथे आहे, तेथे प्राणिसंग्रहालय नाही.

काही वर्षांपूर्वी जवळच्या एका शाळेत मी या विषयावर बोललो. चित्रे दाखवली, नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावे मुलांकडून पाठ करून घेतली. टाळ्या झाल्या. महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा चारही नावे मुलांना धडाधड सांगता आली. मी खूश झालो. मग एका मुलाने उत्साहाने मला कुंपणापाशी नेऊन मारलेला साप दाखवला. ‘मण्यार होती सर!’ तो कवड्या होता, अगदी बिनविषारी. माझ्या व्याख्यानाचा परिणाम एवढाच झाला होता की मारताना मुलांना एक चुकीचे नाव घेता आले.

भौतिकीच्या माणसाला मोजमापाची सवय असते, पण मी मोजत होतो तेच चुकीचे होते. नावे किती आठवतात हे न मोजता, साप समोर आल्यावर पहिल्या मिनिटात हात काय करतील हे मोजायला हवे होते. तेव्हापासून बोलण्याआधी एक आणि महिन्याने एक असे दोनदा एकच प्रश्न मी लिहून घेतो : ‘अंगणात साप दिसला. तुम्ही क्रमाने काय कराल?’ शिक्षकांनी हे जरूर करून पाहावे. पहिल्या वेळी बहुतेक कागदांवर पहिला शब्द ‘काठी’ असतो.

त्या काठीचे गणित मुलांना पटते. साप साधारणपणे आपल्या लांबीच्या निम्म्याहून अधिक अंतरावर झडप घालू शकत नाही. दीड मीटरच्या नागाचे हे अंतर पाऊण मीटर झाले. तीन मीटरवर उभे राहिले की आपण त्याच्या टप्प्याच्या पुष्कळ बाहेर असतो. मीटरभर काठी घेऊन मारायला जाणारा माणूस आपण होऊन टप्प्याच्या कडेला जातो. त्यापेक्षा लांबून नजर ठेवावी, लहान मुले व गुरे दूर करावीत आणि वन विभागाला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून दोरी बांधणे यांतले काहीही करू नये. तो हात किंवा पाय हलू न देता तडक दवाखाना गाठावा. या चार सापांच्या विषावर चालणारी लस तेथेच मिळते, मांत्रिकाकडे नाही.

जिवंत साप वर्गात आणू नये. साप पकडून त्याचे खेळ करणे वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय असा खेळ पाहून मुले शिकतात ती फक्त धिटाई. मी सापाची कात नेतो. ती बांधावर, दगडांच्या राशीत सापडते. उजेडात धरून डोळ्यांची जागा पाहा : तेथे भोक नसून घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक खवला दिसेल. सापाला पापण्या नसतात. हा खवला डोळ्याचे रक्षण करतो, आणि कात टाकताना तोही निघतो. पाठीच्या मध्यावरची ओळ षट्कोनी आणि शेजारच्यांपेक्षा मोठ्या खवल्यांची असेल तर ती कात मण्यारीची असू शकते. कवड्याच्या पाठीवर अशी ओळ नसते. अंगावरच्या पट्ट्यांतही फरक आहे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि मागे अधिक ठसठशीत असतात. पण हा अभ्यास कातीवर आणि चित्रावर करायचा. शेतात दिसलेला साप कवड्या वाटला तरी तीन मीटर कमी करायचे नाहीत.

कातीची लांबी मोजलीत तर ती मूळ सापापेक्षा जास्त भरते, कारण निघताना ती ताणली जाते. किती ताणली जाते, हे सापाला हात न लावता कसे काढता येईल? विचार करा आणि तुमची रीत लिहून कळवा.