आधी उजेड, मग किडा



मॅक्रो लेन्स हाती आली की नवा फोटोग्राफर आधी किडा शोधतो आणि उजेडाचा विचार नंतर करतो. बहुतेक फोटो तिथेच फसतात.

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य 1994 साली जाहीर झालं. तिथे कॅमेरेवाले जातात ते मोरासाठी. मोरावरचा उजेड कुणाला बदलता येत नाही. तो उभा राहील तिथे, पडेल त्या उजेडात फोटो काढावा लागतो. नखाएवढ्या जिवाचं तसं नाही. त्याच्यावर ऊन येत असेल तर तळहाताची सावली पुरते, अंधार असेल तर वहीचा कोरा कागद पुरतो. जवळून फोटो काढणाऱ्याला ही केवढी मोठी मोकळीक आहे!

मृगाचा किडाच घे. पहिला चांगला पाऊस झाला की बालाघाटाच्या माळावर तो दिसू लागतो. भर उन्हात काढला तर फोटोत नुसता लाल डाग येतो, कारण कॅमेऱ्यात लाल रंग बाकीच्यांच्या आधी उतू जातो आणि अंगावरची लव पुसली जाते. म्हणून एक्सपोजर एक स्टॉप कमी ठेवावं आणि ऊन असेल तर वर बटर पेपर धरावा. आभाळ भरून आलं असेल तर बटर पेपर लागत नाही, पण तेव्हा सगळा उजेड वरून येतो आणि पोटाखाली काळोख राहतो. अशा वेळी किड्याच्या एका अंगाला, जमिनीलगत पांढरा कागद तिरका उभा करावा. खालून, बाजूने हलका उजेड आला की लवेचा एकेक केस सुटा दिसतो. आणि हा जीव कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा. उभ्यानं वरून फोटो काढला तर पाय अंगाखाली जातात. कोपरं मातीत टेकवून त्याच्या पातळीवर उतरलं की पुढचे पाय उचलून तो चाचपत चाललेला दिसतो. तो ज्या दिशेला निघालाय तिकडे चौकटीत जागा मोकळी सोडावी.

मागे पांढरा खडा किंवा वाळकी काडी आली तर किड्याला हात लावू नये. कॅमेरा दोन बोटं सरकवला तरी मागचं सगळं बदलतं.

याच दिवसांत सीताफळ फुलतं. फूल हिरवट, मान खाली घातलेलं. म्हणून लोकांना झाड फुललंय हेही कळत नाही. तीन जाड पाकळ्यांच्या आत, बुडाशी जांभळट डाग असतो आणि तिथेच परागीभवन करणारे बारके भुंगेरे शिरतात. कॅमेरा खालून वर धरला की मागे पांढरंफटक आभाळ येतं आणि फूल काळं पडतं. त्यापेक्षा मागे सावलीतला डोंगरउतार येईल अशी जागा धरावी आणि झाडाखाली कागद अंथरावा. त्यावरून उसळलेला उजेड थेट पाकळ्यांच्या आत जातो. फूल मात्र तोडू नये. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि ते फळ याच फुलातून धरतं.

आता फोकस. वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची उमटत असेल, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एफ 8 ला जेमतेम एक मिलिमीटर खोली स्पष्ट येते. एफ 16 ला ती दुप्पट होते, पण विवर्तनामुळे सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. तेव्हा छिद्र लहान करत बसण्यापेक्षा पाकळी किंवा पंख लेन्सला समांतर आणावा. मोबाइलमध्ये ही अडचण कमी, पण अगदी जवळ गेलं की त्याचीच सावली पडते. थोडं मागे सरून झूम करावं.

कार्ल ब्लॉसफेल्टचे फोटो जरूर पाहा. बर्लिनमधला हा कलाशिक्षक स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानं, साध्या पार्श्वभूमीवर, मऊ उजेडात कोंब आणि बिया टिपत राहिला. त्याचं पुस्तक 1928 मध्ये आलं, तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. त्याच्या चौकटीत एकही फालतू गोष्ट सापडत नाही.

एक शेवटचं. मृगाचे किडे औषधी तेलासाठी गोळा करून विकले जातात. म्हणून त्यांचा फोटो कुणाला पाठवलास तर गाव सांग, माळ सांगू नकोस; आणि मोबाइलमधली लोकेशनची नोंद आधी बंद कर.

तुझा,
काका