कॅल्शियम चालू, दुखणंही चालू

"डॉक्टर, माझं पोट तर अगदी साफ आहे, मग गव्हाचा काय संबंध?" सिलिअ‍ॅकचं नाव काढलं की हे ऐकावं लागतंच. जुलाब, पोटफुगी असेल तरच हा आजार, ही समजूत काही केल्या जात नाही. मोठ्या वयात अनेकदा पोटाची तक्रार नसतेच. दुखतात ती हाडं आणि स्नायू.

या आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. मग लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. गोळी कितीही महागाची घ्या.

पस्तिशीच्या एक बाई आल्या. हात टेकल्याशिवाय जमिनीवरून उठता येईना, जिना कठड्याला धरून. कुणी संधिवात ठरवला, कुणी "बाळंतपणानंतर व्हायचंच" म्हणून वाटेला लावलं. सोबत पिशवीभर वेदनाशामक गोळ्या. लोह घेऊनही हिमोग्लोबिन आठाच्या वर जात नव्हतं, आणि तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं! टीटीजी ही रक्ततपासणी केली, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला, निदान झालं. गहू सुटल्यावर, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या जोडीने, काही महिन्यांत त्या आधाराशिवाय उठू लागल्या.

घाबरू नका, साठीतला गुडघा बहुधा झिजेनेच दुखतो. पण तरुणपणी साध्या पडण्याने हाड मोडलं, बोटं आखडू लागली, मांड्यांतला जोर गेला किंवा रक्त वाढतच नसेल, तर सिलिअ‍ॅकची शंका डॉक्टरांकडे काढा.

आणि कृपा करून, तपासणीआधी मोबाइलवर व्हिडिओ पाहून गहू सोडू नका. गहू बंद असला की टीटीजी नॉर्मल येऊ शकते आणि निदान हुकतं. ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनंही मनाने घेऊ नका. अतिरेकाने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडतात. निदान झालंच, तर सख्खी भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करा.

"खपली चालतो" म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहा. खपली हा गहूच, त्यातही ग्लुटेन असतं. रवा, मैदा, शेवया, लापशी, सगळं बंद. तरी आपल्याकडे उपासमार होत नाही: ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा आहेच. फक्त ज्वारी गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळू नका. शक्यतो घरघंटी वेगळी ठेवा. हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षरही वाचा, बांधणी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो.