सांध्याची कसोटी

शाळेत असताना मी बाल्सा लाकडाचे एक छोटे विमान केले होते. त्यासाठी तीन आठवडे खपलो. पंखाच्या बरगड्या कापल्या, त्यांवर तलम कागद ताणून बसवला आणि शेवटी पंखाचे दोन अर्धे भाग मधोमध चिकटवले. पुष्कळ सरस घातला म्हणजे सांधा मजबूत होतो, अशी माझी समजूत होती. दुसऱ्याच दिवशी मैदानावर दोरीने ओढून विमान चढवले. पतंगासारखे ते डौलाने वर जाऊ लागले, आणि एकाएकी टाळी वाजवावी तसे त्याचे पंख मिटले! विमान दगडासारखे खाली आले.

मी रडवेला झालो. दादाने मात्र तुकडे निरखून पाहिले. एका भागावर सरसाची जाड, गुळगुळीत पापडी होती. दुसरा भाग जवळजवळ कोरडा होता.

"लाकूड मोडलेले नाही, सांधा सुटला आहे," दादा म्हणाला. "सांध्याची कसोटी एकच. जोर आला तर शेजारचे लाकूड फाटावे, पण सांधा सुटू नये."

मग त्याने मला सांध्याचे मर्म समजावून सांगितले. सरस म्हणजे फटी बुजवण्याचा गिलावा नव्हे. तो लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतो आणि तेथे वाळून दोन्ही तुकड्यांना धरून ठेवतो. म्हणून त्याचा थर पातळ असावा आणि तुकडे एकमेकांस भिडलेले असावेत. चिकटवण्यापूर्वी ते कोरडेच जुळवून उजेडासमोर धरावे. मधून उजेड दिसला, तर काचकागदाने घासून ते पुन्हा जुळवावे.

लाकूड हे बारीक नळ्यांच्या जुडीसारखे असते. आडव्या कापलेल्या टोकाशी या नळ्यांची तोंडे उघडी पडतात व सरस शोषून घेतात. म्हणून टोकांना आधी एक पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा आणि मग दुसरा हात देऊन तुकडे जोडावे.

तरीही पंखाच्या मधल्या सांध्याला एवढे पुरत नाही. उडताना हवा दोन्ही पंखांना वर उचलते आणि त्यांना वाकवणारा सर्वांत मोठा ताण मध्यावर येतो. तेथे पंखाच्या कण्याला सांध्याच्या दोन्ही बाजूंस पोहोचेल अशी प्लायवूडची पट्टी चिकटवावी. टोकाला टोक जोडण्यापेक्षा पाठीला पाठ जोडलेली बरी. कारण ताण मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो. काटकोनी कोपऱ्यांत लाकडाचे छोटे त्रिकोणी तुकडे बसवावे. त्यांचे तंतू तिरप्या बाजूला समांतर ठेवावे.

सरसही काम पाहून निवडावा. पांढरा सरस सावकाश वाळतो. त्यामुळे तुकडे सरळ करण्यास वेळ मिळतो. सायनोअ‍ॅक्रिलेट क्षणात धरतो, पण तो ठिसूळ असतो आणि बोटेही चिकटवतो; तो वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच वापरावा. दोन घटक मिसळून होणारा इपॉक्सी फार बळकट, पण जड असतो. शेपटीकडे तर कोणताही सरस बेताने लावावा. तेथील थोड्याशा वजनासाठीही तोल साधण्यास नाकात शिसे भरावे लागते.

सांध्याचे महत्त्व खेळण्यापुरतेच नाही. इंग्लंडमध्ये २५ नोव्हेंबर १९४० रोजी डी हॅविलंड मॉस्किटो हे लढाऊ विमान प्रथम उडाले. त्याचे अंग बर्च लाकडाच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून केलेले होते. सन १९४४ मध्ये भारतात यांपैकी काही विमाने हवेतच भंगली आणि वैमानिक प्राणांस मुकले. चौकशीत सरसाच्या सांध्यांतील दोष उघडकीस आले. सांधा दिसत नाही, पण सारा भार त्याच्यावर असतो.

पुढे मी दुसरे विमान केले. या वेळी मधला सांधा टाचण्यांनी दाबून रात्रभर वाळू दिला. हात शिवशिवत होते, पण मी त्याला स्पर्श केला नाही. विमान उंच चढले, दोरीतून सुटले आणि मैदानावरून तरंगत जाऊन बाभळीवर आदळले. मी धावत गेलो. एक पंख मोडला होता. मोडलेल्या जागी लाकडाचे धागे विस्कटले होते. मधला सांधा मात्र जसाच्या तसा होता! मोडका पंख हाती घेऊन मी आनंदाने घरी गेलो.

स्वाध्याय

१. पहिल्या विमानाचा सांधा का सुटला?
२. पंखाच्या मध्यावर प्लायवूडची पट्टी का लावतात?
३. पंख मोडूनही लेखकाला आनंद का झाला? तुमच्या शब्दांत लिहा.