लॅपटॉपला घरचे वायफाय दिसेना

प्रश्न : नवा राऊटर बसवल्यापासून मोबाइल चालतो, पण जुन्या लॅपटॉपच्या यादीत आमच्या वायफायचे नावच येत नाही. लॅपटॉप बाद झाला का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण निश्चिंत असावे. राऊटर २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन वारंवारतांवर प्रक्षेपण करू शकतो, आणि जुन्या लॅपटॉपांतील कित्येक कार्डांना केवळ पहिलीच ग्राह्य असते. यादीत शेजाऱ्यांची नावे दिसत असतील, तर कार्ड शाबूत आहे अशी खातरजमा होते. मग राऊटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू करण्याची तजवीज करताच बहुधा काम होईल, आणि एकही नाव दिसत नसेल, तर आधी विमान मोड पाहावा. मात्र राऊटरच्या मागचे रिसेटचे छिद्र टाचणीने दाबू नये. त्यासरशी कंपनीने भरलेला तपशील पुसला जाऊन मोबाइलचे इंटरनेटही बंद पडू शकते.