रोजा सोडणे, रोजा मोडणे

मगरिबची अजान झाली, खजूर खाल्ला, पाणी प्यायलं. याला मराठीत ‘रोजा सोडला’ म्हणतात. पण दुपारी तीन वाजता चक्कर आली आणि साखरपाणी प्यावं लागलं, तर ‘रोजा मोडला’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ब्रेक’ चालतं. मराठीत चालत नाही. सोडणं म्हणजे वेळ झाल्यावर रीतसर संपवणं, आणि मोडणं म्हणजे मध्येच तोडणं. (एकादशीच्या उपवासालाही हीच दोन क्रियापदं.) ‘मोडला’ या शब्दाची लाज वाटते म्हणून काही माणसं त्रास होत असतानाही तशीच बसून राहतात. मधुमेह असलेल्या माणसाला हे महागात पडू शकतं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या तुमच्यापैकी काहींची घरं मूळची रत्नागिरी-रायगडकडची, कोकणी मुसलमान असतील. बाकीच्यांचे मित्र, शेजारी रोजे ठेवत असतील. आपल्याकडच्या, म्हणजे भारत-पाकिस्तान-बांगलादेशातून आलेल्या लोकांना टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा दोन ते चार पट जास्त असते. त्यामुळे हा विषय कुणाच्या ना कुणाच्या दादीचा, नानाचा आहेच.

आधी रोजाचं गणित बघू. सहरी पहाटे, इफ्तार सूर्यास्ताला, आणि मध्ये पाणीसुद्धा नाही. रमजान चांद्र महिना असल्यामुळे दरवर्षी साधारण १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो. २०१६ मध्ये तो जूनमध्ये होता, तेव्हा लंडनचा रोजा १८ तासांच्या आसपास जायचा. डिसेंबरमध्ये तोच जेमतेम दहा तासांचा. २०३० साली तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी! म्हणजे ‘गेल्या वर्षी जमलं होतं’ हे उत्तर दर वर्षी तपासून घ्यावं लागतं. दिवस बदलतो, वय वाढतं, गोळ्याही बदलतात.

२००१ साली १३ देशांतल्या मधुमेही मुसलमानांची एक मोठी पाहणी झाली. टाइप २ असलेल्यांपैकी जवळजवळ ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये निदान १५ दिवस रोजे ठेवले होते. त्याच पाहणीत त्यांची साखर गंभीरपणे उतरण्याचं प्रमाण इतर महिन्यांच्या साडेसात पट निघालं. यावरून दोन गोष्टी कळतात. लोक रोजे ठेवणारच, आणि नुसतं ‘ठेवू नका’ म्हणून डॉक्टरांचं काम होत नाही.

मग काय करायचं? रमजानच्या आधी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांकडे किंवा डायबेटिस नर्सकडे जायचं. रमजान सुरू झाल्यावर नाही, आधी. इन्सुलिन आणि ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या साखर खाली आणतात. पोट रिकामं असताना त्या नेहमीच्याच मापात घेतल्या तर साखर फार उतरू शकते. माप आणि वेळ दोन्ही बदलावं लागतं, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. शेजारच्या काकूंच्या गोळ्यांवरून अंदाज बांधायचा नाही. ‘डायबेटिस यूके’ आणि ‘ब्रिटिश इस्लामिक मेडिकल असोसिएशन’ या संस्थांनी रमजानसाठी खास माहिती तयार केली आहे. जायच्या आधी ती वाचली तर काय विचारायचं ते सुचतं.

आता आकडे. इथे ब्रिटनमध्ये साखर ‘मिलिमोल’मध्ये मोजतात, भारतात ‘मिलिग्रॅम’मध्ये. रत्नागिरीहून फोनवर मामू म्हणतात, ‘माझी १२६’, आणि इथली दादी म्हणते, ‘माझी सात’. दोघांची साखर एकच आहे! इथल्या आकड्याला १८ ने गुणलं की तिथला आकडा मिळतो. दिवसभरात कधीही साखर ३.९ च्या (म्हणजे ७० च्या) खाली गेली किंवा १६.६ च्या (म्हणजे ३०० च्या) वर गेली, तर रोजा तिथेच मोडायचा. इफ्तारला दहा मिनिटं उरली असली तरी.

बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा जात नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. बरेच लोक याच भीतीने दिवसभर तपासतच नाहीत, म्हणून हे घरी सांगायला विसरू नका.

यंत्राआधी शरीरही सांगतं. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस उगाच चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. मराठीत आपण पटकन ‘कसंतरीच होतंय’ म्हणतो. दादी असं म्हणाली तर थांबू नका. छोटा ग्लास फळांचा रस किंवा तीन-चार चमचे साखर घातलेलं पाणी द्या, १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ९९९ ला फोन करायचा.

आणि धर्माचं काय? आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजातून सूट आहे, हे कुरआनातच आहे. बरं झाल्यावर सुटलेले रोजे नंतर ठेवता येतात, त्याला ‘कजा’ म्हणतात. आजार कायमचा असेल तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवण द्यायचं, तो ‘फिदया’. तरीही दादी म्हणेल, ‘आजवर एकही रोजा चुकला नाही.’ तिच्याशी वाद घालू नका. डॉक्टरांशी बोलून झालं की मशिदीतल्या इमामांशी तिची गाठ घालून द्या. ज्या गोष्टीवर ती नातवाचं ऐकणार नाही, तिच्यावर त्यांचं ऐकेल.

दवाखान्यात दादीला इंग्रजी कळत नसेल तर दुभाषा मागा. एन.एच.एस.मध्ये तो मोफत मिळतो, फक्त अपॉइंटमेंट घेतानाच सांगावं लागतं. औषधांच्या मापाचं भाषांतर नातवंडांनी करायचं नसतं. घरी आल्यावर चहा पिता पिता तेच पुन्हा समजावून सांगणं मात्र तुम्हाला जमेल.

शब्दार्थ
सहरी – पहाटे रोजा सुरू होण्याआधीचं खाणं
साखर उतरणे – रक्तातली साखर कमी होणे
दरदरून घाम फुटणे – एकदम खूप घाम येणे
उलेमा – इस्लाम धर्माचे जाणकार
दुभाषा – एकाचं बोलणं दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा

स्वाध्याय
१. ‘सोडला’ की ‘मोडला’? (अ) सूर्यास्त झाला आणि नानांनी रोजा ____. (आ) साखर ३.५ झाली म्हणून नानांनी दुपारीच रोजा ____.
२. मामूंची साखर १८० आहे. इथल्या यंत्रावर ती किती दिसेल?
३. दादी म्हणते, ‘सुई टोचली तर रोजा जाईल.’ तिला मराठीत तीन-चार वाक्यांत समजावून सांगा. आदराने बोला.